दोन विमानतळांमधले अंतर आणि उड्डाणाचा वेळ: तिकीट काढताना कोणता आकडा बघाल?

"मुंबई-नागपूर हवाई अंतर सातशे किलोमीटरसुद्धा नाही, विमान ताशी आठशेने जाते, मग तिकिटावर दीड तास कसा?" "लंडनला जाताना दहा तास आणि येताना नऊ, हे काय गौडबंगाल?" "रात्री साडेबाराला निघून सकाळी साडेसहाला न्यूयॉर्क, म्हणजे सहाच तासांत पोचतो का?" विमानप्रवासाबद्दल वाचकांचे प्रश्न फिरून फिरून याच तीन-चार जागी अडतात. या गोंधळात कुणाचे पुढचे विमान चुकते, कुणी चुकीच्या तारखेला विमानतळावर हजर होतो आणि कुणी हक्काची भरपाई मागायचीच सोडून देतो.

दोन विमानतळांमधले अंतर एकच असते, पण वेळ मात्र चार प्रकारचा असतो. आपल्याला कुठल्या कामासाठी कुठला वेळ हवा आहे, हे आधी ठरवले की बाकीचा हिशेब बोटांवर करता येतो.

आधी हे ठरवा: तुम्हाला कोणता वेळ हवा आहे?

- हवेतला वेळ: चाके धावपट्टीवरून उचलल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा. वैमानिक उड्डाणानंतर जो वेळ सांगतो तो बहुधा हाच. नियोजनात याचा उपयोग फारसा नाही.
- तिकिटावरचा वेळ: विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा. या व्यवसायात त्याला 'ब्लॉक टाइम' म्हणतात. उशीर झाला किंवा विमान रद्द झाले तर तुमचा हक्क या आकड्यावर ठरतो.
- एकूण प्रवासाचा वेळ: मधल्या विमानतळावरचा थांबा धरून. तिकिटांची तुलना करताना हा बघायचा.
- घरापासून मुक्कामापर्यंतचा वेळ: टॅक्सी, सुरक्षा तपासणी, सामानाचा पट्टा, पलीकडची टॅक्सी हे सगळे धरून. विमान, रेल्वे की गाडी, याचा निर्णय यावरच घ्या.

अंतर कसे मोजतात आणि ते कुठे कामाला येते?

दोन विमानतळांमधले अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलाव्यावरून मोजलेला सर्वांत जवळचा मार्ग. भिंतीवरच्या सपाट नकाशावर तो वाकडा दिसतो. मुंबईहून न्यूयॉर्कचा जवळचा मार्ग पश्चिमेला अरबी समुद्रावरून सरळ जात नाही, तो उत्तरेकडे चढतो आणि मध्य आशिया, रशिया यांवरून वळसा घेतल्यासारखा दिसतो. समोरच्या पडद्यावर असा मार्ग दिसला तर तो लांबचा आहे असे समजू नका.

काही अंतरे लक्षात ठेवायला सोपी आहेत (सर्व आकडे अंदाजे):

- मुंबई-पुणे: १२५ किमी
- मुंबई-नागपूर: ६८५ किमी
- मुंबई-दिल्ली: १,१४० किमी
- मुंबई-दुबई: १,९३० किमी
- मुंबई-लंडन (हीथ्रो): ७,२०० किमी
- मुंबई-न्यूयॉर्क: १२,५०० किमी

जमिनीवरचे अंतर यापेक्षा नेहमी जास्त भरते. मुंबई-नागपूर रेल्वेने ८३७ किमी आहे. समृद्धी महामार्ग नागपूर ते भिवंडीजवळचे आमणे असा ७०१ किमी आहे आणि आमण्याहून मुंबईत शिरायचे अंतर त्यात धरलेले नाही. मुंबई-दिल्ली राजधानीचा मार्ग १,३८४ किमीचा आहे. त्यामुळे नकाशाच्या अॅपमध्ये गाडीचे चिन्ह दाबून मिळालेले किलोमीटर विमानाच्या हिशेबात घेऊ नका. हवाई अंतर हवे असेल तर 'ग्रेट सर्कल मॅपर'सारख्या संकेतस्थळावर दोन्ही विमानतळांची तीन अक्षरी चिन्हे टाकली की पुरे. तिथे अंतर नॉटिकल मैलांत आले तर त्याला १.८५२ ने गुणा.

अंतराचा आकडा तीन ठिकाणी प्रत्यक्ष कामाला येतो. पहिले ठिकाण भाड्याचे. डिसेंबर २०२५ मध्ये देशभर शेकडो उड्डाणे रद्द होऊन भाडी भडकली, तेव्हा केंद्र सरकारने तात्पुरती कमाल भाडी ठरवली ती अंतरावरच: ५०० किमीपर्यंत ७,५०० रुपये, १,००० किमीपर्यंत १२,०००, १,५०० किमीपर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,००० रुपये (कर वेगळे). मुंबई-नागपूर दुसऱ्या गटात, मुंबई-दिल्ली तिसऱ्या. दुसरे ठिकाण कंपन्यांच्या 'माइल्स'च्या योजनांचे, कारण काही योजनांमध्ये गुण अंतरावर मिळतात. तिसरे म्हणजे युरोप आणि ब्रिटनमधली भरपाई. तिच्याकडे पुढे येऊ.

वेळेचा अंदाज घरबसल्या कसा बांधाल?

जेट विमानासाठी एक ढोबळ रीत पुरते: हवाई अंतराला ८०० ने भागा आणि आलेल्या वेळात ३५ ते ४० मिनिटे मिळवा.

- नागपूर: ६८५ किमीला ५१ मिनिटे, अधिक ३५-४०. साधारण दीड तास.
- दिल्ली: १,१४० किमीला ८५ मिनिटे, अधिक ३५-४०. दोन तासांच्या थोडे वर.
- दुबई: १,९३० किमीला १४५ मिनिटे, अधिक ३५-४०. तीन तास किंवा थोडे जास्त.

वरची ३५-४० मिनिटे जातात कुठे? दरवाजा बंद होतो, ट्रॅक्टर विमानाला मागे ढकलतो, मग धावपट्टीपर्यंत रांग. मुंबईच्या मुख्य विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी विमाने सोडता येत नाहीत आणि सकाळ-संध्याकाळ रांग लांबते. उड्डाणानंतर विमान चढत असते तोवर त्याला पूर्ण वेग मिळत नाही, उतरताना वेग मुद्दाम कमी करावा लागतो आणि गर्दी असेल तर आकाशातच घिरट्या घालाव्या लागतात. हा सगळा वेळ सवाशे किलोमीटरला लागतो तेवढाच सात हजार किलोमीटरलाही लागतो. म्हणून मुंबई-पुणे हे अंतर विमानाने कापण्यात वेळ वाचत नाही आणि दिल्लीच्या बाबतीत मात्र भरपूर वाचतो.

कंपन्या गर्दीचा हा वेळ आधीच धरून तिकिटावर दहा-पंधरा मिनिटे जास्त लिहितात. दिल्लीच्या तिकिटावर सव्वादोन तास दिसतात ते याच कारणाने. दहा-पंधरा मिनिटे उशिरा सुटलेले विमान कधी कधी वेळेवर पोचते, तेही यामुळेच. कागदावर पाच-दहा मिनिटांनी जलद दिसणाऱ्या विमानासाठी जादा पैसे मोजू नका.

विमान कोणते आहे हेही बघा. एअरबस ए३२० किंवा बोईंग ७३७ ताशी ८०० किमीच्या वर जाते. लहान विमानतळांवर येणारे पंख्याचे एटीआर-७२ ताशी सुमारे ५०० किमीनेच जाते. तेच अंतर, तेच शहर, पण तिकिटावर वेळ जास्त. आरक्षणाच्या पानावर 'तपशील' उघडलात की विमानाचा प्रकार दिसतो. एटीआर असेल तर ८०० ऐवजी ५०० ने भागा.

जाताना जास्त, येताना कमी: कारण काय आणि करायचे काय?

हिवाळ्यात उत्तर भारतावर, जमिनीपासून साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचा पट्टा वाहतो. त्याचा वेग कधी कधी ताशी दोनशे किमीच्या पुढे जातो. पूर्वेला जाणाऱ्या विमानाला हा वारा मागून ढकलतो, पश्चिमेला जाणाऱ्याला समोरून अडवतो. म्हणून मुंबईहून दुबई, लंडन, न्यूयॉर्कला जाताना वेळ जास्त आणि परतताना कमी. मुंबई-कोलकात्यालाही जाताना-येताना पंधरा-वीस मिनिटांचा फरक सहज पडतो. पावसाळ्यात हा पट्टा उत्तरेकडे सरकतो आणि दक्षिण भारतावर उलट दिशेचे वारे वाहू लागतात, म्हणजे वर्षभर एकच आकडा धरून चालत नाही.

दुसरे कारण हवाई हद्दीचे. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानकंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला निघणाऱ्या भारतीय विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला आणि अमेरिकेच्या काही उड्डाणांना युरोपात इंधनासाठी उतरावे लागले. २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै असेच झाले होते. दोन्ही वेळा विमानतळांमधले अंतर तसूभरही बदलले नव्हते, पण तिकिटावरचा वेळ वाढला. परदेशी कंपन्यांना २०२५ ची बंदी लागू नसल्याने एकाच मार्गावर दोन कंपन्यांच्या वेळांमध्ये तफावत दिसू लागली.

यातून घ्यायच्या गोष्टी:

- गेल्या वर्षीच्या तिकिटावरचा वेळ यंदा लागू आहे असे धरू नका.
- पश्चिमेकडे जाताना, विशेषतः डिसेंबर ते फेब्रुवारीत, पुढचे विमान पकडायला जास्त मोकळा वेळ ठेवा.
- तुमचे विमान रोज खरोखर किती वाजता पोचते ते 'फ्लाइटरडार२४' किंवा 'फ्लाइटअवेअर'वर विमानाचा क्रमांक टाकून बघा. मागच्या काही दिवसांच्या नोंदी फुकट दिसतात. ठरलेली वेळ काय होती यापेक्षा त्या नोंदींवर भरवसा ठेवा.

परदेशचे तिकीट: घड्याळ आणि तारीख कशी वाचाल?

तिकिटावर सुटण्याची वेळ सुटणाऱ्या शहराची असते आणि पोचण्याची वेळ पोचणाऱ्या शहराची. दोन्हींची सरळ वजाबाकी केली की उत्तर चुकणारच. तीन पायऱ्या करा:

१. पोचण्याची वेळ भारतीय वेळेत बदला.
२. त्यातून सुटण्याची वेळ वजा करा.
३. तारीख बदलली असेल तर २४ तास मिळवा.

एक उदाहरण घेऊ. समजा तुमच्या तिकिटावर मुंबईहून पहाटे २:१५ ला सुटून न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कला त्याच तारखेला सकाळी ८:०५ ला पोचायचे आहे. उन्हाळ्यात न्यूअर्क भारताच्या साडेनऊ तास मागे असते, म्हणजे तिथे ८:०५ तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे ५:३५. पहाटे २:१५ पासून संध्याकाळी ५:३५ पर्यंत झाले १५ तास २० मिनिटे. थंडीत तिथले घड्याळ तासभर मागे जाते, तेव्हा याच दोन वेळांमध्ये १६ तास २० मिनिटे होतील.

परतीला उलटा प्रकार. दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबई, हे बघून "चोवीस तास विमानात?" म्हणून धसका घेऊ नका. उन्हाळ्यात ते साडेचौदा तास झाले.

नेहमी लागणारे फरक:

- दुबई: भारताच्या दीड तास मागे, वर्षभर.
- सिंगापूर: अडीच तास पुढे, वर्षभर.
- लंडन: साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. तिथले घड्याळ मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलते.
- न्यूयॉर्क: साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी.

ब्रिटन आणि अमेरिका वेगवेगळ्या रविवारी घड्याळ बदलतात. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर आठवडाभर नेहमीची गणिते बिघडतात. त्या काळातला प्रवास असेल तर तिकिटावर छापलेला कालावधीच प्रमाण माना.

मध्यरात्रीच्या विमानाचा फास. परदेशची पुष्कळ विमाने मुंबईहून रात्री बारा ते पहाटे चारच्या दरम्यान सुटतात. तिकिटावर "१५ तारीख, ००:३०" लिहिले असेल तर तुम्हाला घरातून १४ तारखेला संध्याकाळीच निघायचे आहे. १५ च्या रात्री निघालात तर विमान जाऊन चोवीस तास होत आलेले असतात. ज्येष्ठ नागरिकांसाठी तिकीट काढत असाल तर त्यांना तारीख सांगू नका, "मंगळवारी रात्री जेवून निघायचे" असे वाराने सांगा. पोचण्याच्या वेळेपुढे बारीक अक्षरात '+१' दिसला तर पोचणे दुसऱ्या दिवशीचे आहे. हॉटेल आणि घ्यायला येणाऱ्या नातेवाइकांना तीच तारीख कळवा.

नॉन-स्टॉप, डायरेक्ट, कनेक्टिंग: फरक काय?

- नॉन-स्टॉप: मध्ये कुठेही उतरत नाही.
- डायरेक्ट: विमानाचा क्रमांक एकच, पण मध्ये एखाद्या शहरात थांबू शकते. तुम्ही बहुधा आतच बसून राहता, तरी तास-दीड तास जातो.
- कनेक्टिंग: विमान बदलायचे.

'डायरेक्ट' वाचून निश्चिंत होऊ नका, 'थांबे: ०' असे लिहिले आहे का ते बघा. तिकिटावरचा कालावधी आपल्या ८००च्या हिशेबापेक्षा तास-दोन तासांनी जास्त येत असेल, तर मध्ये थांबा असण्याची शक्यता धरा.

विमान बदलायचे असेल तर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा: दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरमध्ये आहेत का?

- एकच पीएनआर: पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकले तर पुढच्या विमानात बसवून देणे ही कंपनीची जबाबदारी. सामान बहुधा थेट शेवटच्या मुक्कामी जाते.
- वेगवेगळी तिकिटे: दुसरे चुकले तर ते पैसे बुडाले. सामान मध्ये घेऊन पुन्हा द्यावे लागते आणि परदेशात त्यासाठी त्या देशात प्रवेश करावा लागला तर व्हिसाही लागू शकतो.

स्वस्त पडते म्हणून वेगवेगळी तिकिटे काढायचीच असतील, तर देशांतर्गत किमान चार तास आणि परदेशात त्याहून बरेच जास्त अंतर ठेवा. एका पीएनआरवरही तासाभराचा थांबा कंपनी देऊ करते तेव्हा तो नियमात बसतो इतकेच. लहान मूल, चाकाची खुर्ची किंवा टर्मिनल बदलणे असेल तर पुढचे विमान निवडा.

शहर एक, विमानतळ दोन

अंतराचा आणि वेळेचा सगळा हिशेब बरोबर येऊनही प्रवास फसतो तो इथे.

- मुंबई: २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून (एनएमआय) प्रवासी विमाने उडू लागली आहेत. जुन्या विमानतळाचे चिन्ह बीओएम. पुणे, पनवेल, अलिबागकडून येणाऱ्यांना नवी मुंबई सोयीची, बोरिवली-वसईकरांना जुना. जुन्या विमानतळावरही टी-१ सांताक्रूझला आणि टी-२ सहारला आहे. एकातून दुसऱ्यात जायला बाहेर पडून रस्त्याने जावे लागते.
- गोवा: दाबोळी (जीओआय) वास्कोजवळ, मोपा (जीओएक्स) उत्तरेला पेडणे तालुक्यात. सावंतवाडी-कुडाळकडे जाणाऱ्यांना मोपा जवळ, मडगाव-काणकोणला दाबोळी. तिकीट पाचशे रुपयांनी स्वस्त म्हणून चुकीचा विमानतळ घेतलात तर टॅक्सीत त्याच्या कैक पटीने जातात.
- न्यूयॉर्क: जेएफके आणि न्यूअर्क ही दोन वेगळी टोके आहेत आणि न्यूअर्क तर न्यू जर्सी राज्यात आहे.
- लंडन: हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन असे अनेक. एकावर उतरून दुसऱ्यावरून उडायचे असेल तर मधला अर्धा दिवस गृहीत धरा.

विमान की रेल्वे? घरापासून मोजा

डोंबिवलीहून नागपूरला निघालेल्या माणसाचा हिशेब मांडून बघू. विमानतळापर्यंत दीड-दोन तास. देशांतर्गत उड्डाणाला चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो आणि बोर्डिंग गेट साधारण पंचवीस मिनिटे आधी, म्हणून दोन तास आधी पोचायचे. विमानात दीड तास. सामान आणि पलीकडची रिक्षा-टॅक्सी मिळून पाऊण ते एक तास. बेरीज सहा-साडेसहा तासांची. यात उड्डाणाचा वाटा पाव हिश्शाचा.

समृद्धीवरून गाडीने मुंबई-नागपूर आठ तासांचे म्हणतात, पण चालवणारा तुम्हीच असता. मुंबई-नागपूर दुरांतो रात्रीतून पोचवते आणि झोप होते. तेव्हा सकाळी दहाची बैठक असेल तर रात्रीची गाडी, त्याच दिवशी परतायचे असेल तर विमान, आणि कुटुंब-सामान घेऊन आठवडाभर जायचे असेल तर रस्ता, असा विचार करा. साधारणपणे हवाई अंतर चारशे किलोमीटरच्या आत असेल आणि चांगली रेल्वे असेल तर विमानाने वेळ फारसा वाचत नाही.

उशीर झाला, रद्द झाले: तिकिटावरच्या वेळेवरून तुमचा हक्क

तिकिटावरच्या ब्लॉक टाइमचा खरा उपयोग इथे आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमावलीत हक्क त्यावरच बेतलेले आहेत.

खाणेपिणे मोफत कधी? तुम्ही वेळेत चेक-इन केलेले असेल तर:

- अडीच तासांपर्यंतचे उड्डाण (नागपूर, दिल्ली): २ तास किंवा अधिक उशीर.
- अडीच ते पाच तासांचे (दुबई): ३ तास किंवा अधिक.
- त्याहून लांबचे (लंडन, न्यूयॉर्क): ४ तास किंवा अधिक.

देशांतर्गत विमानाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर सहा तासांच्या आतले पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा, यांतले काय हवे ते तुम्ही निवडायचे.

हॉटेल कधी? उशीर २४ तासांहून जास्त असेल, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ दरम्यान सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून जास्त उशीर असेल तर.

विमान रद्द झाले आणि नियमाप्रमाणे आधी कळवले नाही तर परतावा किंवा पर्यायी विमान, आणि शिवाय भरपाई:

- एक तासापर्यंतचे उड्डाण: ५,००० रुपये
- एक ते दोन तासांचे: ७,५०० रुपये
- दोन तासांहून जास्त: १०,००० रुपये

किंवा एका बाजूचे मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांतली जी रक्कम कमी असेल ती. म्हणजे मुंबई-नागपूरला कमाल साडेसात हजार आणि मुंबई-दिल्लीला दहा हजार.

तिकीट पक्के असूनही बसू दिले नाही तर (जास्त तिकिटे विकल्यामुळे): तासाभरात दुसरे विमान दिले तर भरपाई नाही. २४ तासांच्या आत दिले तर मूळ भाडे व इंधन आकाराच्या दुप्पट, कमाल १०,०००. त्याहून उशिरा दिले तर चौपट, कमाल २०,०००.

तीन गोष्टींवर लोक हमखास अडतात:

- भारतीय नियमांत नुसत्या उशिरासाठी रोख भरपाई नाही. ती रद्द झाल्यावर किंवा बसू न दिल्यावर मिळते.
- धुके, वादळ, संप, सुरक्षेचे कारण, हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी भरपाई मिळत नाही. परतावा मात्र सोडू नका.
- आरक्षणात संपर्काचा तपशील पुरेसा दिलेला नसेल तर भरपाई नाकारता येते. एजंट पुष्कळदा स्वतःचाच मोबाइल क्रमांक टाकतो. तिकीट हातात आले की कंपनीच्या अॅपमध्ये जाऊन तुमचा क्रमांक आणि ईमेल टाका.

युरोप आणि ब्रिटन: तिथे किलोमीटर बोलतात

तिकडे भरपाई अंतरावर ठरते आणि ते अंतर गोलाव्यावरूनच मोजतात. मुक्कामी तीन तास किंवा अधिक उशिरा पोचलात आणि कारण कंपनीच्या हातातले असेल, तर ब्रिटनमध्ये १,५०० किमीपर्यंत २२० पौंड, ३,५०० किमीपर्यंत ३५० आणि त्यापुढे ५२० पौंड (तीन ते चार तासांचा उशीर असेल तर निम्मे). युरोपीय संघात याच टप्प्यांना २५०, ४०० आणि ६०० युरो. एकाच आरक्षणावर मध्ये विमान बदलले असेल तर पहिल्या विमानतळापासून शेवटच्या मुक्कामापर्यंतचे थेट अंतर धरतात, मधला वळसा धरत नाहीत.

मुंबई-लंडन साडेतीन हजाराच्या कितीतरी पुढे आहे. मात्र एक मेख आहे. लंडनहून सुटणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला ब्रिटनचा नियम लागू होतो. मुंबईहून लंडनला जाणाऱ्या विमानाला तो लागू होण्यासाठी कंपनी ब्रिटनची किंवा युरोपीय संघातली असावी लागते. म्हणजे एकाच भारतीय कंपनीच्या जाण्या-येण्याच्या तिकिटावर जातानाच्या उशिराला ही भरपाई नाही आणि परतीच्या उशिराला आहे. दोन कंपन्यांची भाडी जवळपास सारखी असतील तर हा मुद्दा निवडीत धरा.

तक्रार कोणत्या क्रमाने कराल?

१. विमानतळावरच काउंटरवर उशिराचे किंवा रद्द होण्याचे कारण लेखी मागा. बोर्डिंग पास, संदेश आणि सूचनाफलकाचे छायाचित्र जपून ठेवा.
२. कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला ईमेल करा. पीएनआर, ब्लॉक टाइम, प्रत्यक्ष पोचण्याची वेळ आणि मागणीची रक्कम स्पष्ट लिहा.
३. समाधान झाले नाही तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा.
४. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या 'एअरसेवा' अॅपवर किंवा पोर्टलवर तक्रार नोंदवा.
५. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग.

युरोप-ब्रिटनच्या भरपाईत पोचण्याच्या वेळेवर वाद असेल तर विमान जागेवर उभे राहून दार उघडले ती वेळ धरा. चाके टेकल्यावरही वीस मिनिटे विमानातच गेली असतील तर ती तुमच्या बाजूची आहेत.

पैसे भरण्याआधीची तपासणी

- विमानतळाचे तीन अक्षरी चिन्ह आणि टर्मिनल बरोबर आहे का?
- थांबे किती? एकच पीएनआर आहे का?
- मध्यरात्रीचे विमान असेल तर घरातून निघायची तारीख कोणती?
- अंतर भागिले ८००, अधिक ३५-४० मिनिटे, या हिशेबाशी तिकिटावरचा वेळ साधारण जुळतो का? नसेल तर कारण शोधा: थांबा, लहान विमान, समोरचा वारा की वळसा.
- गेल्या आठवड्यात हे विमान प्रत्यक्षात किती वाजता पोचले?
- आरक्षणात तुमचा स्वतःचा मोबाइल क्रमांक आहे का?

यातल्या एखाद्या प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल तर पैसे भरू नका. कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारा, उत्तर ईमेलवर मागा आणि मगच तिकीट काढा.